पिशवी ठेवून जा

चैत्र अर्धा सरला की आमच्या शेडसमोरून जाणारा माणूस शिंकल्याशिवाय पुढे जात नाही. लांज्याच्या बाजारातून हायवेकडे निघालं की डाव्या हाताला ही पत्र्याची शेड लागते. पाटी उन्हाने पांढरी पडली आहे, पण ती वाचायची कुणाला गरजच पडत नाही, नाक बरोबर दारात आणून सोडतं. आत दोन डंक आहेत. डंक म्हणजे लोखंडी मुसळं वर उचलून उखळात आपटणारं यंत्र. त्यात मिरची, धणे आणि बाकीचा गरम मसाला कांडून वर्षाचा लाल मसाला तयार होतो. आगोटीचे, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचे दिवस आले की अख्खं गाव आपापली मिरची वाळवून, भाजून माझ्याकडे येतं. मी सुलभा. कांडपवाली सुलभा म्हटलं की पोस्टमनसुद्धा पुढचा पत्ता विचारत नाही.

यंदाही सगळं सुरू झालंय. सकाळी आठला शटर वर करते तेव्हा पायरीवर चारपाच जणी बसलेल्याच असतात. कुणाच्या डोक्याला ओढणी, कुणाच्या नाकाला पदर, प्रत्येकीच्या मांडीवर पिशवी. डंक चालू झाले की बोलायचं ते ओरडूनच. आमचे हे म्हणतात, तुझा आवाज हल्ली फार चढतो. वीस वर्षं डंकाशेजारी काढली असती तर यांचाही चढला असता.

बाहेरून आलेल्या माणसाला इथली एक गोष्ट विचित्र वाटते. आमच्याकडची कुठलीही बाई आपला मसाला कांडपावर टाकून घरी जात नाही. स्टूल ओढून डंकासमोर बसते, ती शेवटचा चमचा आपल्या डब्यात पडेपर्यंत. आधीच्या बाईचा मसाला उखळातून नीट निघाला का, ते वाकून बघते, कडेने बोट फिरवते, 'अजून एकदा झाड गो' म्हणते आणि मगच आपल्या पिशवीची गाठ सोडते. चहा पुढे केला तरी नजर उखळावर. मला ह्यात कधी अपमान वाटला नाही. सावंतकाकूंच्या मसाल्यात तिरफळ असतं, मेहरूनचाचीच्या मसाल्यात शहाजिरं आणि खसखस सढळ हाताने. एकीचा दुसरीत गेला तर दोन्ही घरांचं वर्षभराचं कालवण बिघडलं म्हणून समजा. मी माहेरी राजापूरला जाते तेव्हा आईच्या मसाल्यासाठी तिथल्या कांडपावर मीही अशीच डोळ्यांत तेल घालून बसते, आणि तिथली बाई माझ्यावर वैतागते.

मेहरूनचाची तर घरून स्वतःचा कुंचा घेऊन यायची. मोहल्ल्यातलं तिचं घर मोठं, पण नवरा आणि मुलगा दोघंही कुवेतला, त्यामुळे सगळा कारभार हिच्या एकटीच्या हातात. माझ्या झाडण्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. उखळ स्वतः तीनदा झाडायची, फुंकर मारायची, मग माझ्याकडे बघून मान हलवायची. ती मान हलली की मी बटण दाबायचं, असा आमचा रिवाज.

आगोट आली की ते लॉकडाउनचं एक वर्ष मला आठवतंच. गुढीपाडव्याला गुढी उभारली ती दार लोटून घेऊन. स्टुलं एकावर एक रचून कोपऱ्यात गेली. आमचं घर शेडच्या मागेच, त्यामुळे ऐन हंगामात डंक गप्प आहेत हे भांडी घासतानासुद्धा जाणवायचं. हा धंदा मुळात दोन-अडीच महिन्यांचा. तेवढ्यात वर्ष काढायचं. बाकीच्या दिवसांत थोडी हळद, थोडं तांदळाचं पीठ, त्यात लाइटबिल सुटलं तर नशीब. ह्यांचा टेम्पो दारात उभा राहून धूळ खात होता. सुनंदा माझ्याकडे बारा वर्षं कामाला आहे, ती रोज सकाळी फोन करून विचारायची, वैनी, येऊ का? मी रोज म्हणायचे, थांब जरा.

अशात कराडच्या एका जुन्या यंत्रांच्या व्यापाऱ्याचा फोन आला. दोन्ही डंक उचलतो म्हणाला, पण पावसाआधी सांगा, पावसात घाट चढवणं परवडत नाही. ह्यांनी ते मनावर घेतलं. माणूस वाईट नाही आमचा, घाबरलेला होता. घाबरले मीही होते, पण ते तेव्हा कुणाला दाखवलं नाही. माझ्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. घाटावरून मिरचीच्या गाड्या येत नव्हत्या, त्यामुळे बायकांना मिरची मिळत नव्हती. म्हटलं, आपणच एक गाडी मागवू, आपणच मसाला करू आणि विकू. त्याला हातात पैसा हवा आणि तोही मृगाच्या आत, कारण मिरची एकदा सर्दावली की उखळाला चिकटून बसते. पैसा आला तर मिरची, नाही आला तर कराड, इतकं ते सरळ होतं.

तेवढ्यात टीव्हीवर पॅकेज आलं. त्या एका शब्दाने गावात काय गोंधळ घातला म्हणून सांगू. सरकार लहान धंद्यांना कर्ज देणार, अनुदान देणार, व्याज सोडणार. ज्याला जे हवं ते त्याने ऐकलं. न्हावी, पानवाला, गॅरेजवाला, सगळे तोंड बांधून लांबून एकमेकांना विचारायचे, आलं का काही? जणू एसटीने पार्सलच येणार होतं. मोबाइलवर रोज एक नवा फॉर्म. कुणाला आधार हवं, कुणाला रेशनकार्ड, एकाला तर चक्क आईचं माहेरचं नाव. मी तीन फॉर्म भरले, एकाचंही उत्तर आलं नाही. चौथा निघाला गाद्यांच्या दुकानाच्या जाहिरातीचा.

मग मी बँकेची पायरी चढले. माझं नि बँकेचं आधीचं एक सांगायला हवं. आमच्या घरात कर्ज ही झाकून ठेवायची गोष्ट. दुसरा डंक घेताना काढावं लागलं होतं, तर हप्ता भरायला मी मागच्या रस्त्याने जायचे आणि वाटेत कुणी भेटलं तर लॉकरचं काम आहे म्हणायचे. लॉकर कुठला नि काय, विचारू नका. ते कर्ज मी नेमकं त्याच फेब्रुवारीत, मुदतीच्या दोन वर्षं आधी, भिशी उचलून फेडून टाकलं, आणि बँकेत पेढे नेले. साहेब परभणीकडचे, नुकतेच बदलून आलेले. पेढा हातात धरून म्हणाले, ताई, एवढी काय घाई होती, चालू राहू द्यायचं की. मला त्यांची कीवच आली. मनात म्हटलं, ह्यांना आमच्याकडची माणसं अजून कळायची आहेत.

मे संपत आला तेव्हा मी त्याच टेबलासमोर पुन्हा बसले. ह्यावेळी समोरच्या रस्त्याने गेले होते. तोंडावर मास्क, ओळखतंय कोण? साहेबांनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. पॅकेजमधलं जे कर्ज होतं, ते फेब्रुवारीअखेर ज्याचं जितकं कर्ज बाकी असेल त्याच्या वीस टक्के मिळणार होतं. माझं बाकी होतं शून्य. शून्याचे वीस टक्के साहेबांनी तोंडीच काढून दाखवले.

"ताई, तुम्ही फेडलंत ना, तीच अडचण झाली बघा."

शेजारच्या हार्डवेअरवाल्याचं उभ्या जन्मात कधी कर्ज संपलेलं नाही. तो दुसऱ्याच दिवशी सही करून आला. मी घरी आले आणि मोठ्याने हसत सुटले, आणि हसता हसता कधी रडू लागले ते कळलंच नाही. ह्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. पेढ्यांचे पैसे तरी परत मागायला हवे होते, असं मात्र मला आजही वाटतं.

दोन दिवसांनी साहेबांचाच फोन. माणूस मायाळू निघाला. म्हणाले, सरकारच्या हमीवरचं एक नवीन कर्ज आहे, तारण लागत नाही. मात्र धंदा चालू आहे हे मला डोळ्यांनी बघावं लागेल, फोटो काढून वर पाठवावा लागेल. बंद शटरचा फोटो वर चालत नाही, गिऱ्हाइकांचा माल दिसायला हवा. गिरण्या आणि कांडपं सकाळी चार तास उघडायची परवानगी तोवर मिळाली होती. अट एकच, की आत गिऱ्हाइकाने थांबायचं नाही.

म्हणजे मला आमच्या बायकांना सांगायचं होतं, की पिशवी ठेवून जा. लिहायला किती सोपं वाटतं. ज्यांच्या घरी आधीची मिरची होती त्या सगळ्यांना मी फोन लावले. एकीने ऐकून फोनच ठेवला. दुसरी म्हणाली, सोनं ठेवून जाईन गो, मिरची नाही. सावंतकाकू, आमच्या आळीतल्या निवृत्त शिक्षिका, म्हणाल्या, विचार करते. आणि काकूंचं विचार करते म्हणजे नाही, हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक होतं. मेहरूनचाचीने विचारलं, आणि झाडणार कोण? म्हटलं, मी.  मग, बघते, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच पायरीवर पहिली पिशवी चाचीची होती. ठेवून ती वळली, चार पावलांवर जाऊन थांबली, परत बघितलं, पुन्हा चालली, पुन्हा बघितलं. रस्त्याच्या वळणापर्यंत तिचं हेच चाललं होतं. चाचीने ठेवली म्हटल्यावर काकूंनीही आणून ठेवली. दहा वाजेपर्यंत अकरा पिशव्या झाल्या. प्रत्येकीने आपली खूण बांधलेली: रंगीत चिंधी, फुटकी बांगडी, एकीने तर पोराच्या वहीचं लेबल चिकटवलेलं, इयत्ता चौथी, तुकडी ब. त्या पिशव्या बघून मला भरून आलं. सुनंदाने पाहू नये म्हणून मी मिरचीचं निमित्त करून डोळे पुसले.

आणि साहेब आले. मास्क, त्याच्यावर ती प्लास्टिकची काच, हातात मोबाइल. सुनंदाने चाचीची पिशवी उखळात ओतून डंक चालू केला. कांडपात नवखा माणूस शिंकणारच, पण ते दिवस शिंकायचे नव्हते. साहेबांनी मास्कच्या आत लागोपाठ नऊ शिंका दिल्या. समोरच्या इस्त्रीवाल्याने फळ्या लावून घेतल्या आणि नगरपंचायतीला फोन केला, हे मला नंतर कळलं. सुनंदा पाणी आणायला धावली. साहेब एका हाताने नाक दाबून, दुसऱ्या हाताने मोबाइल सावरत मला सांगत होते, ताई, उखळ रिकामं दिसतंय, भरलेलं दिसलं पाहिजे. रिकामं कुठलं, मसाला कांडून खाली बसला होता. पण फोटो वर जायचा होता, साहेबांची दहावी शिंक येऊ घातली होती, आणि मला काय झालं कोण जाणे. हाताला लागली ती पिशवी सोडली आणि अख्खी ओतली. फोटो निघाला. त्यात मी हसतेय. साहेब डोळे पुसत, झालं काम, म्हणत स्कूटरकडे गेले.

मग मी हातातल्या रिकाम्या पिशवीकडे बघितलं. हिरवी चिंधी, सावंतकाकूंची.

तोवर इतक्या वर्षांत माझ्याकडून असं झालं नव्हतं. सुनंदा पाण्याचा ग्लास घेऊन आली, उखळात बघितलं, पिशवी बघितली आणि हळूच म्हणाली, वैनी, कुणी पाहिलं नाही. खरंच होतं ते. रंग तसाच लाल. दोन ढीग करून दोघींना दिले असते, तर तिरफळाचा तेवढा फरक मिरचीच्या तिखटात कळला असता की नाही, देव जाणे. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, आठ दिवस कळ काढ, कर्ज मंजूर होऊ दे, मग सांग. सल्ला चुकीचा नव्हता. आता बोललं की उरलेल्या पिशव्या परत जाणार, आणि पिशव्याच नसतील तर मिरचीची गाडी मागवून मसाला विकायचा कुणाला? मी ताटावर बसले. सोनं ठेवतील पण मिरची ठेवणार नाहीत, अशा बायांनी माझ्या दारात मिरची ठेवली होती. त्यांना सांगायला हवं होतं. मी तशीच उठले.

आधी काकूंकडे गेले, फाटकाबाहेर उभी राहिले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, वर्गात ऐकायच्या तसं. मग म्हणाल्या,

"म्हणूनच आम्ही बसतो, सुलभा."

 अर्धा मसाला त्यांच्या कट्ट्यावर ठेवला आणि परत आले. काकूंनी तासाभरात आळीत फोन फिरवले, आणि त्यांचा मला राग नाही, त्यांच्या जागी मीही फिरवले असते. उरलेल्या नऊपैकी सहा जणी येऊन आपापल्या पिशव्या घेऊन गेल्या. मी एकेक पिशवी हाताने उचलून दिली. लेबलवाली तेवढी, वाईट वाटून घेऊ नको गो, म्हणाली, पण पिशवी घेऊन गेलीच. तीन राहिल्या. त्यातली एक बाई सकाळी पिशवी ठेवून गेल्यावर क्वारंटाइन झाली होती, तिला येताच येत नव्हतं.

कर्जाचं काय झालं ते सांगून टाकते, उगाच ताणत नाही. ते मंजूर झालं. साहेबांच्या फोटोत उखळ भरलेलं होतं, वरच्यांना तेवढं पुरलं. मिरचीची गाडी आंबा घाटातून उतरली आणि त्यानंतर दोन दिवसांनी पाऊस लागला. कराडच्या माणसाने दोनदा फोन केला आणि मग नाद सोडला. ते कर्ज पुढे मी फेडलं, बरोबर मुदतीच्या दिवशी, आधी एक दिवससुद्धा नाही. सरकारला नावं ठेवायची आमच्याकडे हौस आहे, मीही ठेवते, पण त्या पैशाने माझे डंक माझ्या शेडमध्ये राहिले हे मी कुणासमोरही म्हणेन. फक्त एक आहे, कर्जाने मिरची येते, गिऱ्हाईक येत नाही. ते येणार की नाही हे बँकेत ठरलं नाही. ते ठरलं त्याच दुपारी, मोहल्ल्याच्या तोंडाशी.

तिथे रस्त्यावर बांबू आडवे बांधले होते. आत कुणी मुंबईहून आल्याचं सकाळी चाची परतल्यावर कळलं, म्हणून आता आठवडाभर सगळ्यांना बंदी. बांबूच्या अलीकडे मी, पलीकडे मेहरूनचाची. घरात कोंडलेल्या माणसांना दुसरं काम काय, दोन्ही बाजूंच्या खिडक्या बायकांनी भरलेल्या. चाचीला फोनवरून सगळं कळलेलं होतं हे तिच्या उभं राहण्यावरूनच दिसत होतं. तरी मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून, शिंकांसकट. फोटोसाठी ओतलं हेही सांगितलं.

"कुणी बघितलं होतं तुला?" तिने विचारलं.

"सुनंदाने. ती बोलली नसती."

 मी तिच्या वाट्याच्या मसाल्याचा डबा बांबूखालून सरकवला. तिने तो उचलला, झाकण काढलं, मास्क खाली केला आणि वास घेतला. मग बोटाच्या टोकाने जिभेला लावला. 

"तिरफळ," ती म्हणाली आणि डबा घेऊन आत निघून गेली.

मी तिथेच उभी राहिले. ऊन डोक्यावर, खिडक्यांतल्या एकीशीही नजर मिळवायची हिंमत होईना. झालं, म्हटलं. आता हिने आतून दार लावलं की मोहल्ल्याचीही दारं आपल्याला बंद, आणि मिरची आली तरी ती कांडायची कुणासाठी. मी परत फिरले. चार पावलं गेले असेन.

"थांब गे."

चाची एक पिशवी घेऊन येत होती, दोन्ही हातांनी उचललेली, सकाळच्या पिशवीपेक्षा मोठी. बांबूपाशी आली, वाकली आणि पिशवी माझ्या बाजूला ठेवली.

"ही शबानाची," ती म्हणाली. शबाना तिची लेक, हिवाळ्यात लग्न झालेली. "सासरचं पहिलंच वर्ष तिचं. तिकडची माणसं चवीची आहेत. नीट कांड."

मी पिशवी उचलून छातीशी धरली. म्हटलं, चाची, मी उद्या डंक चालू करताना व्हिडिओ कॉल लावते, तू सगळं समोर बघत राहा.

"कशाला? इथे माझा भात लागतोय," ती म्हणाली आणि आत गेली.